ढोरांच्या दवाखान्यातली माणसांची लस

ढोरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. सकाळी फाटक उघडलं की म्हशीच्या मागोमाग एखादा आत येतोच. शेण निदान रोज उचललं जातं, किस्से उचलायला कोणी नसतं. ते नुसते साचत जातात! मग लग्नाच्या पंगतीत, कोणाच्या बारशात, बस येईपर्यंत थांब्यावर, कोणीतरी कोपरानं ढोसतं, "ताई, तो बोकडाचा सांगा ना!" आणि मी सांगते. मला फार आग्रह करावा लागत नाही, हे आमच्या घरचे तुम्हाला सांगतीलच.

मी शालिनी. आदिलाबाद जिल्ह्यात, बोथपासून थोडं आत, रस्त्याकाठच्या एका गावात गुराढोरांचा सरकारी दवाखाना होता, तिथं मी सहाय्यक होते. स्टाफ म्हणजे आम्ही तिघं. डॉक्टर पांगारकर, मी आणि पोशट्टी. डॉक्टर कैक पिढ्या इकडंच राहिलेल्या मराठी घरातले. हुशार माणूस, हाताला गुण होता, पण काळजीखोर इतका की उकळलेलं पाणी गार झालं म्हणून पुन्हा उकळायचा. पोशट्टी आमचा अटेंडर. घरात तेलुगू, पण त्याची मराठी माझ्या नवऱ्यापेक्षा चांगली. बैलाच्या नाकपुडीत दोन बोटं घालून त्याला जागच्या जागी उभं करण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या मंडलात, म्हणजे आमच्या तालुक्यात, कोणी नव्हता.

हे सगळं स्वाइन फ्लूच्या साथीतलं, आंध्र अजून एकच होता तेव्हाचं. साथीचा दुसरा पावसाळा आला आणि नुकती कुठं लस निघाली होती. त्याच दिवसांत डॉक्टरांच्या घरी मुलगी आली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. नवस झाले, हैदराबादचे डॉक्टर झाले, लोकांनी विचारायचंही सोडून दिलं, आणि मग रेवा झाली. वैशूवहिनींचं, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचं, माहेर मंचेरियलचं. बाळंतपण तिकडंच झालं. बाळाला घेऊन त्या दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये आल्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर गादी उचलून दवाखान्याच्या स्टोअररूममध्ये राहायला गेले!

का? तर आपण दिवसभर माणसांत, कोण शिंकतं, कोण खोकतं. "लस होऊ द्या, ती अंगात भिनू द्या, मग पोरीला हात लावीन." मंचेरियलला त्यांनी तिला दारातून पाहिलं होतं, इथं अंगणातून पाहायचे. बारशाला तर बाप फाटकाजवळ उभा आणि नाव पाळण्याजवळ! एवढ्या वर्षांनी झालेली स्वतःची मुलगी त्यांनी अजून एकदाही हातात घेतली नव्हती. आम्हाला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. साहेब रेवाला कधी घेणार, हा आमच्या दवाखान्याचा रोजचा विषय झाला.

* * *

साथीच्या नावामुळं आमचा धंदा वाढला, हे आधी सांगते. स्वाइन म्हणजे डुक्कर आणि डुक्कर म्हणजे आमचा इलाखा! माणसांचा दवाखाना सोडून लोक सरळ आमच्या टेबलाशी यायचे. "मॅडम, घसा दुखून राह्यला. डुकराचा तर नसंल?" डॉक्टर हात जोडून सांगायचे, बाबांनो, हा आता माणसापासून माणसाला होतो, माझ्याकडं याचं औषध नाही. लोकांना वाटायचं, साहेब औषध दडवून राह्यले.

एकदा एक रिटायर्ड गुरुजी आले. तोंडाला बायकोच्या जुन्या साडीची पट्टी, वरून मफलर, त्यावर टोपी. फक्त चष्मा दिसत होता. म्हणाले, "शेजाऱ्याचं डुक्कर रोज माझ्या फाटकावरून जाते. त्याच्यापासून मले काही धोका?"

पोशट्टी झाडत होता. झाडू न थांबवता म्हणाला, "गुरुजी, ते डुक्कर कालच येऊन गेलं. त्यानंबी हेच विचारलं!"

* * *

आदिलाबादला एका खाजगी डॉक्टरकडं लस आल्याचं कळलं, आणि आमच्या साहेबांनी तिघांची रुखसत एकाच दिवशी टाकली. रजेला आमच्या ऑफिसात अजून रुखसतच म्हणायचे. निजाम गेला, पण जाताना रजा ठेवून गेला!

तिथं गेलो तर लस सुईची नव्हतीच. नाकात फवारा! पोशट्टीनं ते बघितलं आणि मला बाजूला ओढलं.

"अक्का, ही तर कोंबडीची पद्धत!"

त्याचं खरं होतं. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची लस आम्ही पिल्लांना अशीच नाकात नाही तर डोळ्यात थेंब टाकून द्यायचो. त्याला त्यात अपमान वाटला. "अन् दुखलंच नाही तर लागू कशी पडन?"

पहिले बसले आमचे साहेब. फवारा जवळ आला की ते मान मागं घ्यायचे. पुन्हा जवळ, पुन्हा मागं. आदिलाबादचे डॉक्टर वैतागले. आणि इतकी वर्षं केलेली नोकरी पोशट्टीच्या अंगात संचारली. तो मागून गेला, डाव्या हातानं साहेबांची हनुवटी वर उचलली आणि उजव्या हाताची दोन बोटं सरळ साहेबांच्या नाकपुड्यांत!

डॉक्टर फवारा घेऊन तसेच उभे. "अरे, ये क्या कर रहे हो?"

"पकडा है साब," पोशट्टी म्हणाला, "आप मारो!"

परत येताना जीपमध्ये पोशट्टीला शिंक आली. एकच, पण अशी की समोरची काच पुसावी लागली. दवा बाहेर पडली का काय? गाव येईपर्यंत तो गडी तोंड आभाळाकडं करून बसला, उरलीसुरली तरी आत राहावी म्हणून. ड्रायव्हरनं शेवटी विचारलं, "विमान पाहून राह्यला का?"

निघण्याआधी साहेबांनी त्या डॉक्टरांना हळूच विचारलं होतं, "छोटी बच्ची है घर में. कब ले सकता हूँ?" ते म्हणाले, हात धुवा, तोंडाला मास्क लावा आणि आज घ्या की! साहेब जीपमध्ये चडफडत होते. "माणसांच्या डॉक्टरांना काय कळतं! जिवंत लस आहे. लस दिलेली कोंबडी आपण बिनलसीच्या पिल्लांत सोडतो का?"

खरंच की! आम्ही कधीच सोडली नव्हती.

* * *

जनावराला लस दिली की आम्ही मालकाला सांगतो, तीन आठवडे अंगडीला नेऊ नका, दुसऱ्या कळपात सोडू नका, दमवू नका. अंगडी म्हणजे आमच्याकडचा आठवडी बाजार. साहेबांनी हाच नियम आम्हा तिघांना लावला. अंगडी बंद, हॉटेलचा चहा बंद, सलून बंद, बस बंद. पोशट्टीला त्यातलं 'दमवू नका' तेवढं फार पटलं. बादली उचल म्हटलं की म्हणायचा, "सार, लस अजून कच्ची हाये."

माझ्या घरी या नियमानं उलथापालथ झाली. आमचे हे शिलाईवाले. दुकान बरं आणि मशीन बरं, जन्मात कधी अंगडीत पाय टाकला नाही. आता पिशवी त्यांच्या हातात आली. पहिल्या आठवड्यात त्यांनी आणलेले दोडके इतके जून की शिजवण्याऐवजी अंग घासायला ठेवले असते. दुसऱ्या आठवड्यात वांगी बरी निघाली. तिसऱ्या आठवड्यात कोथिंबीर फुकट मिळवून आले आणि ती आल्या-गेल्याला दाखवत बसले.

मुदत संपली. मी सकाळीच पिशवी घेतली, तर यांनी पिशवीचा दुसरा बंद धरला.

"काऊन घाई करून राह्यली? अजून एक आठवडा आराम कर."

मला भरूनच आलं. म्हटलं, "इतकी काळजी करून राह्यले माझी?"

"काळजी तर हायेच," हे म्हणाले. "पन त्या भाजीवाल्या सरूबाईच्या पोराची सोयरीक मोडून राह्यली का जुळून राह्यली, ते अर्धंच ऐकलं ना मी!"

* * *

आम्हाला वाटलं, मुदत संपली म्हणजे साहेब रेवाला घेणार. वैशूवहिनींनी सकाळी तिला न्हाऊमाखू घालून, काजळ लावून ओसरीवर आणून ठेवलं. साहेब अंगणापर्यंत आले आणि थांबले.

"एकदम नको," म्हणाले. "नवीन खुराक जनावराला एकदम देतात का? थोडा थोडा वाढवायचा. आधी चहा. मग केस कापणं. मग अंगडी, मग बस. यातून काही झालं नाही, तर मग रेवा."

वहिनी बाळाला घेऊन आत गेल्या. दाराची कडी जरा मोठ्यानं लागली.

तर पहिला नंबर चहाचा. समोरच बंडूभाऊंचं हॉटेल. पण साहेब स्वतः कसे पिणार? संशयाची पेंड असली की आम्ही आधी एका ढोराला घालतो आणि बाकीचा कळप बाजूला ठेवून बघतो. एका ढोराचा मान पोशट्टीला मिळाला. तो गेला, बाकावर बसला, फुंकून फुंकून चहा प्याला. आम्ही खिडकीतून बघतोय. पोशट्टीनं खूण केली, एकानं काही कळत नाही. दुसरा मागवला. दुपारी साहेबांनी विचारलं, "कसं वाटतं?" तर म्हणाला, सकाळचं दूध वेगळं, दुपारचं वेगळं, दुपारचंबी पाहाले पाह्यजे.

संध्याकाळी तो ढेकर देत आला आणि साहेबांपुढं सरळ उभा राहिला.

"सार, चहा सेफ हाये. उद्यापासून भज्याची टेस्ट लावू का?"

* * *

मग केसांची पाळी. पण सलूनवाल्यानं वेगळाच कायदा काढला होता. लस घेतलेल्यालाच खुर्चीत बसवणार! पोशट्टी दाढीला गेला, तर म्हणे पुरावा दाखव. सुईची असती तर दंडावर खूण तरी दिसली असती. नाकातला फवारा दाखवायचा कसा?

पोशट्टी वापस आला. लस दिलेल्या ढोराच्या शिंगावर आम्ही रंगाचं बोट ओढतो, म्हणजे चुकून दुसऱ्यांदा टोचलं जात नाही. त्यानं जखमेवर लावायचं जांभळं औषध घेतलं, मनगटावर रुपयाएवढा ठिपका काढला आणि पुन्हा गेला. सलूनवाल्यानं ठिपका बघितला, "सरकारी हाये" म्हणाला आणि वस्तरा काढला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर ही लाईन! मी खूश झाले. मग बघते तर एकाच्याही हातात दावं नाही.

"जनावर कुठं हाये?" मी विचारलं.

"जनावर नाही, बाई. ठिपका पाह्यजे."

साहेब बाहेर आले. त्यांनी पायरीवर उभं राहून भाषणच केलं. ठिपक्यानं रोग थांबत नाही, लस घ्या, आदिलाबादला मिळते, मी चिठ्ठी देतो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढचा गडी गालावर हात फिरवत म्हणाला, "साहेब, तुमचं सगळं बरोबर हाये. पन डोस राहू द्या, ठिपका तेवढा द्या. लग्नाले जायाचं हाये!"

साहेबांनी जांभळी बाटली कपाटात कुलूप लावून ठेवली. पण तोवर पोशट्टीनं निम्मं गाव रंगवलं होतं.

* * *

निम्मं गाव बिनलसीचं, ठिपका लावून त्याच खुर्चीत बसून गेलेलं. आता साहेब सलूनमध्ये कसले पाय ठेवतात! केस मानेखाली आले, दाढी छातीला लागायला आली. बाहेरगावचा एक शेतकरी तर त्यांना बघून आधी पाया पडला आणि मग म्हैस दाखवली.

एक दिवस एक मेंढपाळ जंताचं औषध न्यायला आला. त्याच्या कमरेला लोकर कापायची मोठी कातर. साहेबांनी तिच्याकडं बघितलं. माणूस दिवसभर रानात, माणसांचा संबंध नाही, हवा मोकळी. साहेबांनी कातर उकळून घेतली, दोनदा, आणि लिंबाखाली जाऊन बसले.

मेंढपाळानं काही विचारलं नाही. त्याला एकच रीत ठाऊक. त्यानं साहेबांना खाली वाकवलं, मान दोन्ही गुडघ्यांत धरली आणि मागून पुढं, दाढीसकट, कापत आला! साहेब आतून ओरडत होते, "हळू! हळू!" तर तो थोपटून म्हणाला, "हाल्लं नाही तर लागत नाही."

साहेब उठले तेव्हा डोक्यावर पायऱ्या पायऱ्या झाल्या होत्या. वैशूवहिनी क्वार्टरच्या खिडकीतून सगळं बघत होत्या. कडी आपटल्यापासून त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलायच्या. पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"अहो," त्यांनी खिडकीतून विचारलं, "लोकर किती निघाली?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. रेवानं मात्र त्यांना बघून भोकाड पसरलं. केसादाढीचा एक माणूस रोज अंगणात येऊन उभा राहतो, एवढीच तिची वडिलांशी ओळख होती, आणि तो माणूस गेला होता. साहेब हसता हसता थांबले, आणि हात धुवायला निघून गेले.

* * *

आता बोकडाचा.

रेवाचा पाळणा ओसरीवर टांगलेला असायचा. ओसरी आणि दवाखान्याची मागची खिडकी यांच्यामध्ये फक्त अंगण. साहेबांनी एक लांब दावं घेतलं, एक टोक पाळण्याला बांधलं, दुसरं खिडकीतून आत आपल्या टेबलापाशी आणलं. मग काय! उजव्या हातानं औषध लिहायचं, डाव्या हातानं पोरीला झुलवायचं. जनावराच्या मालकाला वाटायचं, साहेब पंखा ओढून राह्यले. मला विचाराल तर त्या दोरीवर त्यांचा सगळा जीव होता. तेवढाच त्यांचा आणि पोरीचा संबंध.

एका अंगडीच्या दिवशी फार गर्दी. साहेबांनी दोरी खिडकीच्या गजाला अडकवली आणि एका गाईचं वासरू अडलं होतं तिकडं धावले. तेवढ्यात एक बाई आपला बोकड घेऊन मागच्या अंगणात आली. बघते तर आयतं दावं! तिनं बोकड त्या दोरीला बांधला आणि पुढं नंबर लावायला गेली.

बोकडाला समोर कढीपत्त्याचं झाड दिसलं. तो झाडाकडं निघाला, की पाळणा इकडं. दोरी ताणली म्हणून मागं आला, की पाळणा तिकडं. वहिनी आत पोळ्या करत होत्या. त्यांना वाटलं, आज साहेब फारच रंगात आले! आणि एकाएकी रेवा हसायला लागली. आधी खुदकन, मग खळखळून. जन्मल्यापासून पहिल्यांदा! वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आल्या, बघतच राहिल्या.

साहेब वासरू सोडवून आले तेव्हा हसणं चालूच होतं. त्यांनी ऐकलं आणि जागीच उभे राहिले. डोळे भरून आले त्यांचे. "शालिनीताई," मला म्हणाले, "हसून राह्यली! बापाचा हात ओळखते!"

मी काही बोलणार, तोच पोशट्टी अंगणातून ओरडला, "सार, पाळणा हलवणारा कढीपत्ता खाऊन राह्यला! हाकलू का राहू देऊ?"

* * *

हसून झाल्यावर साहेब दुपारी जेवले नाहीत. मी डबा घेऊन स्टोअररूममध्ये गेले. म्हटलं, आता बस झालं. चहा झाला, केस झाले, मागच्या अंगडीतून फिरून आलात, बसनं आदिलाबादच्या मीटिंगला जाऊन आलात. शिंक तरी आली का तुम्हाला?

"त्याचंच तर भ्या आहे," साहेब म्हणाले. "बसमध्ये शेजारचा खोकत होता. आता पुन्हा थांबावं लागेल."

म्हणजे बघा! ठीक आहोत की नाही हे बघायला बाहेर जायचं, आणि बाहेर गेलो म्हणून पुन्हा थांबायचं. हे कधी संपणार?

मग ते माझ्याकडं न बघता बोलले. "ताई, आपण शेतकऱ्याला रोज काय सांगतो? रोग गोठ्यात चालत येत नाही, मालकाच्या हातानं येतो. मी पाहिलंय. जीव लावणाऱ्यांच्याच हातानं वासरं गेलीत. इतक्या वर्षांनी ही आली आहे. माझ्या हातानं तिला काही झालं तर?"

मी तशीच क्वार्टरमध्ये गेले आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या रेवाला पाजत होत्या.

"भीती मला नाही का, ताई?" मग म्हणाल्या. "मी तर चोवीस तास तिच्याजवळ. पण मी भिऊन तिला खाली ठेवलं तर तिला उचलायचं कोणी?" आणि थोड्या वेळानं विचारलं, "सकाळी ओपीडी किती वाजता उघडते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी लाईन लागली. दोन शेळ्या, एक लंगडा बैल, मग वैशूवहिनी कडेवर रेवाला घेऊन, आणि त्यांच्यामागं डोंगराकडचा एक म्हातारा आपली म्हैस घेऊन. लाईन ती लाईन.

साहेब खाली मान घालून लिहीत होते. बैल झाला. "पुढचं," म्हणाले. वहिनी पुढं झाल्या.

"काय त्रास?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"त्रास काही नाही."

"खाणं-पिणं?"

"दूध पिते. झोपते. काल हसलीसुद्धा."

साहेबांचं पेन थांबलं.

"मग कायले आणली?"

"मालक हात लावून नाही राह्यला," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. मागचा म्हातारा म्हणाला, "साहेब, लवकर पाहा. माझ्या म्हशीले ऊन लागून राह्यलं."

साहेब उठले. मास्क नाकावर ओढून नळावर गेले आणि हात धुतले. कोपरापर्यंत, साबणानं, अडलेली गाय सोडवायच्या आधी धुतात तसे. मग पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा साबण उचलला, तेव्हा वहिनी जवळ गेल्या, साबण त्यांच्या हातातून काढून घेतला आणि ओल्या हातांवर रेवाला ठेवलं.

हजारो वासरं उचललेले हात ते, त्यांनी रेवाला छातीशी धरलं. रेवानं त्यांच्या मास्ककडं बघितलं, पायऱ्या पायऱ्यांच्या डोक्याकडं बघितलं, आणि त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं. साहेब तिला घेऊन मागच्या दारानं अंगण ओलांडून क्वार्टरमध्ये चालते झाले. चष्मा टेबलावर, चपला नळापाशी, लाईन तशीच उभी!

वहिनींनी पदरानं डोळे पुसले, इकडंतिकडं बघितलं आणि साहेबांच्या खुर्चीत बसल्या. "हं," म्हणाल्या, "पुढचं कोण?"

म्हातारा म्हैस ओढत पुढं आला. "बाई, पान्हा सोडून नाही राह्यली. धारेले बसलं की लाथा झाडते."

"हिचं रेडकू कुठं आहे?"

"वेगळं बांधलं. त्याले ताप होता."

"ताप आहे का अजून?"

"नाही. ताप कधीचाच गेला."

"मग अजून वेगळं का?"

म्हाताऱ्यानं डोकं खाजवलं. "भेव नाही गेलं, बाई."

"घरी गेल्या गेल्या सोडा त्याला हिच्याजवळ," वहिनी म्हणाल्या.

"अन् औषध?"

"दिलं ना आत्ता."

म्हाताऱ्यानं नमस्कार केला. म्हैस वळवून फाटकाकडं निघाला, आणि पोशट्टीजवळ थांबून हळूच विचारलं, "या नव्या डाक्टरीणबाई रोज बसतेत का?"

पोशट्टीनं मान उंच करून क्वार्टरकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ते साहेबावर हाये," तो म्हणाला. "आज तर काही ते वापस येताना दिसत नाहीत."